‘इतर २० ते २५’ मध्ये नावं कुणाची घालायची?

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत):

वर्धा जिल्ह्यातल्या एका गावचे पोलीस पाटील लिहितात. पोळ्याच्या आधी एका पहाटे गावालगतच्या पारधी बेड्यावर (वस्तीवर) मोहाच्या दारूसाठी धाड पडली. एक जमादार, तीन शिपाई, महिला पोलीस कुणी नाही. सडव्याचे (आंबवलेल्या मोहफुलांचे) ड्रम उलटवताना एक म्हातारी धक्का लागून पडली. आरडाओरड झाली, बेड्यावरचे आणि गावातलेही लोक जमले, दगड आला. एका शिपायाच्या कपाळाला सात टाके पडले. गुन्हा नोंदला गेला: चार नावं ‘आणि इतर २० ते २५’. तिसऱ्या रात्री पोलिसांनी बेड्यावरून तीन पोरं उचलली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सोडली, कागदावर काहीच न करता. त्यातला एक १७ वर्षांचा. तो धाडीच्या दिवशी मामाच्या गावी होता. त्याच्या मांड्यांवर आणि तळपायांवर मार आहे, मनगट सुजलेलं आहे. आता ठाणेदार म्हणतात, पाटील, २० नावं द्या. गावातले तरुण म्हणतात, ट्रॅक्टर भरून ठाण्यावर जाऊ. एक मध्यस्थ म्हणतो, पैसे दिले की नाव गळतं. आणि बेड्यावरची एक बाई विचारते, “पाटील, तुमी आमच्याकडून हा का त्याईच्याकडून?”

ते पुढे लिहितात: “दगड लागताना मी पाहिला नाही. दोघांच्या हातात दगड मात्र पाहिले. एक बेड्यावरचा, दुसरा गावातला, मोठ्या घरचा. पोलिसावर हात उचलणाऱ्याला सोडू नये असं मला मनापासून वाटतं. बेड्यावरची वस्ती तशीच आहे, हेही खरं. पण त्या पोराचे पाय पाहिल्यापासून झोप लागत नाही. यादी दिली तर गाव तोडेल, नाही दिली तर कर्तव्यात कसूर. राजीनामा देऊन मोकळं व्हावं का?”

पाटील,

तुमच्या पत्रातल्या तारखा जुळवल्या तर त्या पोराला मार बसून आज नववा दिवस आहे. म्हणून बाजू कुणाची आणि यादी कुणाची हे थोडं थांबू द्या. आधी त्याच्या अंगावरच्या खुणांचं बोलू.

मुक्या माराचे डाग रंग बदलत जातात. पहिल्या दिवशी लाल, मग दोन-तीन दिवस निळे-जांभळे, चौथ्या दिवसाच्या आसपास काळपट, पाचव्या-सहाव्या दिवशी हिरवट, सातव्यापासून बाराव्यापर्यंत पिवळे. दोन आठवड्यांत कातडी पूर्ववत होते. तुमच्या हातात फार तर चार-पाच दिवस उरलेत. डाग पिवळा पडला म्हणजे पुरावा गेला असं समजू नका. डॉक्टरने रंग लिहून ठेवला तर मार साधारण किती दिवसांपूर्वीचा आहे हे त्यावरून सांगता येतं, आणि इथे तो त्याच रात्रीशी जुळेल. लाठीचा मार ओळखूही येतो: दोन समांतर रेषा उमटतात आणि मधली पट्टी फिकी राहते. शेताच्या धुऱ्यावरून (बांधावरून) घसरून पडल्याने अशा जोडरेषा उमटत नाहीत. तळपायाची कातडी जाड, तिथे डाग लवकर दिसेनासा होतो, पण सूज आणि टाच टेकताना होणारी वेदना राहते. डॉक्टरला तळपाय मुद्दाम दाखवावे लागतात.

फोटो आजच काढा, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता. आधी चेहरा आणि मार एकाच चौकटीत येईल असा दुरून, मग जवळून. जवळच्या फोटोत डागाशेजारी शिंप्याची टेप ठेवा म्हणजे लांबी-रुंदी मोजता येते. दर दोन दिवसांनी तेच डाग पुन्हा टिपा. ज्या फोनमधून फोटो काढले तो फोन विकू नका, साफ करू नका. व्हॉट्सअॅपवरून पुढे पाठवलेला फोटो दाबला जातो आणि त्यातली तारीख-वेळेची माहिती गळते. न्यायालयात मूळ फाइल लागते आणि तिच्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. धाडीच्या वेळचे व्हिडिओ गावात कुणाकुणाकडे असतील तर त्यांनाही हेच सांगा. ग्रुपवर फिरवण्यापेक्षा मूळ प्रत जपणं त्या पोराच्या जास्त कामाचं आहे. आणि त्या व्हिडिओत दगडही दिसत असेल, तर तोही जपायचा. त्याबद्दल पुढे बोलतो.

दवाखान्यात केसपेपर काढताना ‘पडलो’ म्हणू नका. भीतीपोटी बरेच जण म्हणतात, आणि तो एक शब्द पुढे सगळं प्रकरण बुडवतो. ‘मारहाण झाली, कुणी केली, कुठे केली, कोणत्या तारखेच्या रात्री’ हे डॉक्टरला सांगा आणि न्यायवैद्यक नोंद, म्हणजे एमएलसी, करायला लावा. अशी नोंद झाली की दवाखाना पोलिसांना कळवतो. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातून ती खबर त्याच ठाण्याला जाईल याची आईला धास्ती वाटत असेल तर सेवाग्रामला न्या. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयात न्यायवैद्यक विभाग आहे, खुणा वाचणारी माणसं आहेत. नऊ दिवस उशीर का झाला हे विचारतील. खरं कारण सांगा: भीती वाटत होती. तेही केसपेपरवर लिहून घ्या.

हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी एक गोष्ट इथेच सांगतो. मांड्या-पोटऱ्यांवर जोराचा मार बसल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली किंवा कमी झाली तर ग्रामीण रुग्णालयात वेळ न घालवता थेट जिल्हा रुग्णालय गाठा. चेंदलेल्या स्नायूंतून रक्तात उतरलेलं द्रव्य मूत्रपिंडं बंद पाडू शकतं. कोठडीतून घरी आलेला माणूस तिसऱ्या-चौथ्या दिवशी गंभीर होतो त्यामागे हे कारण असू शकतं.

खुणांवर इतका भर का देतो, ते आपल्याच विदर्भातल्या एका खटल्यावरून कळेल. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याची तक्रार झाली. तोच पुढे मथुरा खटला म्हणून देशभर गाजला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोघा पोलिसांना दोषी ठरवलं होतं. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडलं आणि त्या निकालात अंगावर जखमांच्या खुणा नसण्याला वजन दिलं. देशभर संताप उसळला आणि १९८३ साली कायदा बदलावा लागला. कायदा बदलला तरी खुणा कागदावर नसल्या की त्या ‘झाल्याच नाहीत’ हा युक्तिवाद आजही तितकाच चालतो. म्हणून हे चार-पाच दिवस.

खुणांइतकीच महत्त्वाची आहे ती रात्र. पोरं ठाण्यात होती हे कशावरून? अटक दाखवलेली नाही, म्हणजे अटकेचा पंचनामा नाही, नातेवाइकांची सही नाही, स्टेशन डायरीत बहुधा ओळही नाही. पण कॅमेरे असतात. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक ठाण्याच्या दारात, कोठडीत, व्हरांड्यात, ठाणेदाराच्या खोलीत कॅमेरे लावायला आणि चित्रण १८ महिने जपायला सांगितलं. प्रत्यक्षात काही ठिकाणी कॅमेरा बंद असतो, काही ठिकाणी साठवण कमी पडून जुनं चित्रण पुसलं जातं. म्हणून पोराच्या आईच्या नावाने एक अर्ज आजच पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवा: अमुक तारखेच्या रात्री ११ पासून दुसऱ्या दिवशी दुपारी २ पर्यंतचं चित्रण जपून ठेवावं. तीच मागणी माहिती अधिकारातूनही करा. चित्रण हातात मिळालं नाही तरी ‘जपून ठेवा’ असं लेखी कळवल्यानंतर ते पुसलं गेलं, तर त्याचा जाब विचारता येतो.

पोरगा १७ वर्षांचा आहे हे इथे सगळ्यात वजनदार आहे. बाल न्याय अधिनियमाच्या कलम १० प्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलाला कोणत्याही परिस्थितीत पोलीस कोठडीत ठेवता येत नाही. विशेष बाल पोलीस पथकाकडे किंवा बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याकडे द्यावं लागतं आणि २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळासमोर न्यावं लागतं. वयाच्या पुराव्यासाठी आधी शाळेचा दाखला काढा. तो नसेल तर ग्रामपंचायतीची जन्मनोंद. आधार कार्डावर विसंबू नका.

आता तुमच्या पत्रातल्या त्या वाक्याकडे येतो: पोलिसावर हात उचलणाऱ्याला सोडू नये. मलाही तसंच वाटतं. सात टाके म्हणजे सात टाके. दोन बोटं खाली लागला असता तर त्या शिपायाचा डोळा गेला असता, आणि त्याच्याही घरी पोळ्याला बैल सजवणारी लेकरं असतील. दारूच्या कारवाईला जाणारा पोलीस जिवावर उदार होऊन जातो हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको. नोव्हेंबर २०१८ मध्ये नागभीडजवळ दारूच्या गाडीने एका पोलीस उपनिरीक्षकाला चिरडलं. ती आठवण घेऊनच आजचा शिपाई बेड्यावर उतरतो. तो आधीच घाबरलेला असतो, आणि घाबरलेला माणूस लवकर ढकलतो.

पण तुमच्या वाक्याखाली आणखी एक वाक्य लपलेलं आहे, ते तुम्ही लिहिलेलं नाही: पोरांना मारलं ते दगडाच्या बदल्यात. तुम्ही दोन्ही गोष्टी एकाच तागडीत टाकता आणि मग कोणतं पारडं जड ते बघत रात्र काढता. ते पारडं जुळणारच नाही. ज्याने दगड मारला त्याने मार खाल्लेला नाही. ज्याने मार खाल्ला तो दगडाच्या वेळी गावातच नव्हता. ज्या शिपायाला टाके पडले त्याला त्या पोराच्या सुजलेल्या पायांनी काय मिळालं? उलट, खरा दगड मारणारा त्यामुळे सुटण्याची शक्यता वाढली. तपासाऐवजी मार झाला की खटल्यात बचावाचा वकील तोच पहिला मुद्दा काढतो, आणि जखमी शिपायाला न्याय मिळायचा राहतो. शिवाय पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ प्रमाणे आरोपीविरुद्ध वापरताच येत नाही. मारून वदवून घेतलेल्या नावांचा खटल्यात उपयोग काय?

म्हणून दोन हिशेब वेगळे ठेवा, दोन वेगळ्या वह्यांत. पहिल्या वहीत दगड. दुसऱ्या वहीत ती रात्र. एकातली नोंद दुसरीत वजा करायची नाही, गावाने केली तरी आणि ठाणेदारांनी केली तरी.

‘बेड्यावरची वस्ती तशीच आहे’ असंही तुम्ही लिहिलंत. मग तुम्हीच पाहिलेले दोन हात आठवा. एक बेड्यावरचा, एक गावातला. आणि उचललेली तीन पोरं? तिन्ही बेड्यावरची. मोठ्या घराच्या दारात गाडी थांबली नाही. ‘वस्ती तशीच’ हे वाक्य १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या काळापासून चालत आलंय. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, वाक्य ठाण्यातल्या नव्या शिपायाला जुना जमादार आजही शिकवतो. तुम्ही ते ठाण्याकडून उचललं की गावाकडून, हे तुम्हीच बघा. मात्र यादी भरायला बसाल तेव्हा तुमचा हात त्या वाक्यामुळेच कुठल्या घरांकडे वळेल, हे तुम्हाला आतून ठाऊक आहे. झोप त्यामुळेही उडाली असेल.

तर यादीचं काय?

‘इतर २० ते २५’ ही ओळ नीट समजून घ्या. पाच किंवा अधिक जणांचा बेकायदा जमाव ठरला की भारतीय न्याय संहितेच्या कलम १९० प्रमाणे एकाने केलेल्या गुन्ह्याला, समान उद्देश असेल तर, जमावातला प्रत्येक जण जबाबदार धरला जाऊ शकतो. वर कलम १३२, सरकारी नोकराला कर्तव्यापासून रोखण्यासाठी बळाचा वापर, दोन वर्षांपर्यंत शिक्षा, अजामीनपात्र; आणि कलम १२१, त्याला दुखापत करणं, पाच वर्षांपर्यंत, गंभीर दुखापत असेल तर एक ते दहा वर्षं. नुसता बघ्या म्हणून उभा असलेला माणूस दोषी ठरत नाही असं न्यायालयांनी वारंवार सांगितलंय, पण ते निकालात, खटल्याच्या शेवटी. तोवर तारखा, वकिलाची फी, बुडलेली रोजी, पोलीस भरतीत अडकलेली चारित्र्य पडताळणी. रिकाम्या ठेवलेल्या वीस जागा म्हणजे गावावर टांगलेली तलवार आहे, आणि मध्यस्थ जगतो तो त्या रिकाम्या जागांवर.

१९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने तुमच्यावर गुन्ह्याची खबर देणं, तपासात मदत करणं ही कामं टाकली आहेत. आकडा ठरवून नावं पुरवणं हे त्यात नाही. तुमची नेमणूक उपविभागीय दंडाधिकाऱ्यांची आहे, ठाणेदारांची नाही, हेही लक्षात असू द्या. तुम्ही साक्षीदार आहात. साक्षीदार पाहिलेलं सांगतो. न पाहिलेलं नाव शपथेवर घेतलंत तर तो खोटा पुरावा होतो, न्याय संहितेचं कलम २२९, सात वर्षांपर्यंत.

पण पाहिलेलं लपवणं हीही कसूरच. ती दोन नावं तुम्हाला द्यावी लागतील, पाटील. मोठ्या घराचंही. इथे मी तुम्हाला सोपी वाट सांगू शकत नाही. तुम्ही बेड्यावरचं एकच नाव दिलंत तर त्या बाईने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर गावाला मिळून जाईल, आणि पोलीस पाटील म्हणून पुन्हा त्या बेड्यावर पाऊल ठेवणं कठीण होईल. एकही दिलं नाहीत तर ‘इतर’ तसंच उघडं राहील आणि पुढच्या वेळी तिसऱ्याच कुणाचे तळपाय सुजतील.

ठाणेदारांना तोंडी काही सांगू नका, लेखी द्या. साधारण असं: ‘दि. अमुक रोजी सकाळी अंदाजे इतक्या वाजता मी घटनास्थळी पोहोचलो. मी स्वतः पाहिलेलं असं आहे. या दोन व्यक्तींच्या हातात मी दगड पाहिले. दगड मारताना किंवा शिपायाला लागताना मी पाहिलं नाही. याखेरीज कोणाचंही नाव ऐकीव माहितीवरून देणं मला शक्य नाही. अनोळखी व्यक्तींची ओळख जखमी कर्मचाऱ्यांकडून ओळख परेडमध्ये पटवावी.’ दोन प्रती करा, एकीवर आवक क्रमांकासह पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्ट, आणि एक प्रत उपविभागीय दंडाधिकाऱ्यांना. तपासात तुमचा जबाब नोंदवतील तेव्हा वाचून घ्या, पण सही करू नका. तपासात पोलिसांसमोर दिलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते, हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८१ मध्ये स्पष्ट आहे. कोऱ्या कागदावर तर नाहीच नाही. बेड्यावरच्या बायकांना किंवा साठीच्या वरच्या माणसांना जबाबासाठी ठाण्यात बोलावलं तर सांगा: कलम १७९ प्रमाणे त्यांचा जबाब त्यांच्या राहत्या जागीच घ्यायचा आहे.

ज्यांना आपलं नाव येईल अशी भीती आहे त्यांनी शेतात लपून राहू नये. फरार म्हटलं की जामीन अवघड होतो. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नसते. अटक गरजेची नसेल तर पोलिसांनी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ ची हजर राहण्याची नोटीस द्यायची असते. नोटीस आली की वेळेवर हजर व्हायचं. त्याआधीही सत्र न्यायालयात त्याच संहितेच्या कलम ४८२ खाली अटकपूर्व जामीन मागता येतो. वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. तालुका विधी सेवा समितीत अर्ज द्या. अनुसूचित जमातीच्या माणसाला, बाईला, मुलाला आणि कोठडीतल्या कुणालाही मोफत वकील मिळतो, उत्पन्न न बघता. फोन १५१००.

मध्यस्थाला एक रुपया देऊ नका. कलम १३२ आणि १२१ आपसात मिटवता येत नाहीत, म्हणजे पैसे घेऊन नाव ‘गाळण्याचा’ अधिकार कुणालाच नाही. आज गळलेलं नाव पुरवणी दोषारोपपत्रात परत येऊ शकतं. लाच मागितल्याची तक्रार लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे १०६४ वर करता येते, आणि पैसे देण्याआधी करावी लागते.

ट्रॅक्टरचं. तरुणांचा राग खोटा नाही, तो त्यांना तसा सांगाही. पण हिशेब करून दाखवा: जिल्ह्यात बहुतेक वेळा सणांच्या तोंडावर महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा मनाई आदेश लागू असतो. ट्रॉलीतून उतरलेले तीस जण ठाण्यासमोर उभे राहिले की तेवढ्यावरच नवा गुन्हा होऊ शकतो, आणि त्या गर्दीतून एक जरी खडा गेला तरी ‘इतर २० ते २५’ ला खरीखुरी तीस नावं आयती मिळतील, कॅमेऱ्यासमोर.

या भागाला जमावाच्या रागानंतरची किंमत माहीत आहे. १६ ऑगस्ट १९४२ ला आष्टीत आणि चिमूरला लोक परक्या सत्तेविरुद्ध उठले, गोळीबार झाला, जमावाने पोलीस आणि अधिकारी मारले. त्या लढ्याशी आजच्या धाडीची बरोबरी मी करत नाही. पण नंतर चिमुरात फौज आली तेव्हा भोगलं कुणी? घराघरांत उरलेल्या बायकांनी. सेवाग्राम आश्रमातल्या प्राध्यापक भन्साळींना त्या अत्याचारांच्या चौकशीसाठी प्राणांतिक उपोषण करावं लागलं. तुमच्या गावातून ट्रॅक्टर निघाला तर त्या रात्री बेड्यावर कोण उरलेलं असेल, एवढंच त्या पोरांना विचारा.

जायचं असेल तर चार जण जा. पोराची आई, तुम्ही किंवा सरपंच, एक महिला ग्रामपंचायत सदस्य, एक वकील. दिवसा, आधी कळवून. त्याच ठाण्यात नको, थेट पोलीस अधीक्षकांकडे. तक्रारीत विशेषणं घालू नका. तारीख, वेळ, कुठून नेलं, कोणत्या गाडीतून, किती पोलीस, कुणाच्या गणवेशावर नावाची पट्टी होती, कुठे कशाने मारलं, कधी सोडलं, तेव्हा कोण घ्यायला गेलं. मुलगा पारधी आहे, अनुसूचित जमातीचा. अॅट्रॉसिटी कायदा लागला तर तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडेच जातो. जातीवरून शिवीगाळ झाली असेल तर नेमके शब्द लिहा, झाली नसेल तर जोडू नका. एक खोटी ओळ बाकीच्या दहा खऱ्या ओळी खाते. अधीक्षकांनी काही केलं नाही तर प्रतिज्ञापत्रासह दंडाधिकाऱ्यांकडे, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७५. सरकारी नोकराविरुद्धच्या अशा अर्जावर दंडाधिकारी आधी वरिष्ठांचा अहवाल मागवतात, म्हणून वेळ लागेल. त्याने खचू नका. समांतर तक्रार राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे आणि मानवी हक्क आयोगाकडे करता येते. आयोगाकडे घटनेपासून एक वर्षाच्या आत. पण तुम्ही मुदत सहा महिन्यांची धरा: महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम १६१ मध्ये पोलिसांवरच्या खटल्याला सहा महिन्यांची मर्यादा आहे आणि बचाव पक्ष तीच पुढे करतो. कोठडीतली मारहाण हे पोलिसाचं कर्तव्य नाही, म्हणून ती मर्यादा लागत नाही असा प्रतिवाद करता येतो. सहा महिन्यांच्या आतच अर्ज दिला तर तो प्रतिवाद करावाच लागणार नाही.

ठाण्यात किंवा अधीक्षकांकडे जाताना फोन सोबत असू द्या. वर्धा ठाण्यातच २०१८ साली केलेल्या एका चित्रीकरणावरून शासकीय गुपिते कायद्याखाली गुन्हा नोंदला होता. नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये तो रद्द केला, पोलीस ठाणं हे त्या कायद्यातलं ‘प्रतिबंधित ठिकाण’ नाही म्हणून. याचा अर्थ कॅमेरा पोलिसाच्या नाकासमोर धरावा असा नाही. काम अडवलं असा आरोप होणार नाही इतकं अंतर ठेवा आणि बोलू नका.

धाडीबद्दलही एक मागणी करा, आणि ती ठाण्याच्याही हिताची आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचं चित्रीकरण बंधनकारक आहे. मग त्या पहाटेचं कुठे आहे? असेल तर म्हातारी कशी पडली आणि दगड कुठून आला, दोन्ही त्यात असेल. नसेल तर का नाही? चौघांनी, महिला कर्मचाऱ्याशिवाय, बायका-लेकरं झोपलेल्या वस्तीत शिरायचं आणि ड्रम उलटवायचे, ही धाड बिघडणारच होती. आत शिरण्याआधी दोन पंच आणि महिला पोलीस हवेत. एक माणूस फक्त चित्रीकरणाला, एक गाडीजवळ. ड्रम ओतण्याआधी वस्तीतल्या एका जाणत्या बाईला बोलावून काय करणार ते सांगायला दोन मिनिटं लागतात. पुढच्या वेळी ती बाई तुम्ही शोधून द्या.

आणि त्या शिपायाला भेटायला जा. एकटे, फळांची पिशवी घेऊन, खटल्याचा विषय न काढता. गावातल्या कुणीच अजून गेलं नसेल. ज्याला लागलं त्याची विचारपूस केली म्हणून ज्याला मारलं त्याची तक्रार मागे पडत नाही.

राजीनामा आता देऊ नका. त्या सकाळचे तुम्ही साक्षीदार आहात, पद सोडलं तरी ते राहणारच. पण पद गेलं की रजिस्टर हातचं जाईल आणि नवा पाटील नेमेपर्यंत यादी कुणीतरी दुसरा भरेल. तुमच्या नोंदवहीत धाडीच्या दिवशीचं आणि पोरं परत आली त्या दुपारचं काय लिहिलंय ते आज उघडून बघा. लिहिलं नसेल तर आजच्या तारखेने लिहा, ‘घटना अमुक तारखेची, नोंद आज’ असं स्पष्ट म्हणून. मागची तारीख टाकू नका. जबाब झाला, तक्रारीला आवक क्रमांक मिळाला, की मग वाटलं तर सोडा.

एक राहिलं. सुजलेल्या मनगटाचा एक्स-रे काढला असेल आणि तो ‘ठीक’ आला असेल तरी पुन्हा काढा. मनगटातल्या लहान हाडाची बारीक भेग पहिल्या दिवसांत दिसत नाही, दहाव्या ते चौदाव्या दिवशी दिसते. हाड मोडलेलं निघालं तर ती गंभीर दुखापत ठरते आणि कलमं बदलतात, आणि वेळेत प्लास्टर झालं नाही तर पोराचा हात कायमचा अधू राहू शकतो. दहावा दिवस उद्याच आहे. आई एकटी जाणार नाही, तुम्ही सोबत जा.